आडवी जाळी

पंक्चर कुठं आहे ते ट्यूब आपणहून सांगत नाही.
तिला घमेल्यातल्या पाण्यात धरावं लागतं,
हळूहळू फिरवत,
बुडबुडा दिसेपर्यंत.
सक्करदऱ्याच्या चौकात तेवीस वर्षं मी हेच करतो,
आणि गिऱ्हाईक कुठून आलं
ते टायरात घुसलेल्या वस्तूवरून ओळखतो.
लोखंडाचा चुरा, म्हणजे हिंगण्याची पाळी सुटली.
बाभळीचा काटा, म्हणजे रिंगरोडपलीकडचं लेआउट.

म्हणून मयूरी नंदनवार जेव्हा चादरीएवढा नकाशा घेऊन आली
आणि म्हणाली, काका, तुमचा कॅरम बोर्ड द्या जरा,
तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम,
घमेलं तेवढं मोठं.

जिथं पडलात, जिथं उतरून ढकलता,
तिथं लाल ठिपका, ती म्हणाली.
ठिपके पहिल्याच संध्याकाळी संपले.
मग प्रमिलाबाई ढाबर्डे, सायकलवरून चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या,
त्यांनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं.
"घ्या बाप्पा. दहा रुपयाच्या आहेत, पण चिकटतात."
त्या दिवशी आमच्या रस्त्यांना कपाळं आली.

शेषराव उईके रात्रपाळी संपवून आले,
चष्मा नव्हता, बोटानं चाचपडत राहिले,
मग पेन मागून कोऱ्या पांढऱ्या जागेत रेघ ओढली.
"काका, इथं रस्ता नाहीये."
"काऊन नाही? मी का उडत येतो रोज?
रेल्वेच्या भितीले भगदाड आहे, पोरी,
सायकल आडवी केली का निघते."

शाहीन नववीतली. टिकली हातात धरून
बराच वेळ उभी.
शेवटी बोट ठेवलं ते अगदी गुळगुळीत डांबरावर.
इथं तर खड्डा नाही, मी म्हणालो.
ती म्हणाली, "खड्डा नाही. मुलं उभी असतात."
मयूरीच्या यादीत त्याला खूणच नव्हती.
प्रमिलाबाईंनी न बोलता
काळी टिकली काढून दिली.

नकाशा गुंडाळून आम्ही ऑफिसात नेला.
साहेब चांगले होते, पंख्याखाली बसवलं.
म्हणाले, तलावाकाठी ट्रॅक केलाय ना,
निळा रंग मारून, रविवारी किती लोक येतात.
आम्ही नकाशा उलगडला.
तलावाकाठी एकही टिकली नव्हती.
"तिकडून आमच्यातलं कोणी कामावर जात नाही, साहेब,"
शेषराव म्हणाले,
आणि साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढं सरकवली.

एका जागी अकरा टिकल्या होत्या.
गटाराची जाळी, दुकानापासून शंभर पावलांवर,
तिच्या सळ्या रस्त्याच्याच दिशेनं,
पुढचं चाक नेमकं आत बसावं अशी फट.
बारावी मी लावली, सगळ्यांत शेवटी,
कुणी बघत नाही असं पाहून.
खोटं कशाला बोलू,
त्या जाळीनं वाकवलेल्या रिमा सरळ करूनच
मी पोराची फी भरली होती.

मे महिन्यात डिंक वितळला.
भिंतीवरच्या नकाशात टिकल्या घसरत
मानेवाड्याच्या दोन सरळ खाली गेल्या.
प्रमिलाबाई येता-जाता
बोटानं त्यांना परत जागेवर ढकलायच्या,
बाळाचं टोपरं सारखं करावं तसं.

दहा महिन्यांनी दोन माणसं पहार घेऊन आली.
जाळी उचलली, फिरवली, आडवी ठेवली.
अर्धा तास, मधला चहा धरून.
बाकी सगळं तसंच आहे:
भगदाड, गुळगुळीत डांबर,
काळी टिकली अजून काळीच.

रात्री दुकान बंद करून मी त्याच रस्त्यानं जातो.
जाळी आली की हँडल आपोआप डावीकडं वळतं.
परवा मुद्दाम सरळ घातली सायकल.
खडखड झाली,
आणि मी पलीकडं होतो.
मागं वळून पाहिलं,
माझं एक गिऱ्हाईक
शीळ घालत, हात सोडून
त्याच जाळीवरून येत होतं.