‘ळ’ अजून शिल्लक आहे

सदतीस दिवस गेले, तीन उरले,
आणि आकडा एकसष्ट टक्क्यांवर अडलाय
सुकतीच्या वेळी चिखलात टेकलेल्या होडीसारखा.
अट एवढीच: चार लाख पुरे झाले तर आपले,
रुपया कमी पडला तरी ज्याचे त्याला परत.

काम असं, की
कुष्टा च्यारींनी चाळीस वर्षं
म्हापशाच्या बसगाड्यांवर, बर्फाच्या कारखान्यावर,
दशावताराच्या पेटाऱ्यांवर, ट्रॉलरच्या नाकाडावर
ब्रशाने जी अक्षरं काढली
ती गोळा करून त्यांचा फॉन्ट करायचा.
आता सगळीकडे फ्लेक्स.
च्यारी म्हणतात, ‘चार लाखांत मी अख्खं म्हापसं
पुन्हा रंगवीन, वर जिना तुझा तूच धर.’

देणाऱ्याला काय? हजारात एक अक्षर, त्याच्या नावावर.
पंचवीस हजारांत दारावरची पाटी, खुद्द च्यारींच्या हातची.
(पर्वरीच्या एका डॉक्टरांनी मागितली. रोमीत.)
‘अ’ पहिल्याच तासात गेला.
‘श्री’वरून दोन कापडदुकानदार भांडले, अजून बोलत नाहीत.
‘ज्ञ’ एका निवृत्त मास्तरांनी घेतला
आणि पावतीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक कळवली.
राहिले ङ, ञ, ढ.
त्यांचं मी समजू शकते.
पण ळ?

शुक्रवारचा बाजार. मी फोन घेऊन फिरतेय
मिरच्यांच्या ढिगांतून, मातीच्या भांड्यांतून.
‘नारळात आहे,’ मी सांगते, ‘मासळीत आहे, केळ्यात आहे,
डोळ्यात तर आहेच, बघा ना.’
सेबास्त्यांव पदेर पाव मोजता मोजता म्हणतो,
‘म्हज्या नांवांत तें अक्षर ना गे बाय.’
यावर काय बोलणार.

तुळसाबाई खाजेकार मात्र हात पुसून पुढे आल्या.
त्यांच्या दुकानाची पाटी च्यारींचीच, सत्त्याऐंशी सालची.
वाचता येत नाही, पण बोट बरोबर जागी ठेवलं:
‘हा ना? हा काढला तर मी कोण राहिले?
तुसा. नुसतं तूस.’
कमरेच्या पिशवीतून तीनशे चाळीस रुपये,
गुळाचा आणि आल्याचा वास असलेले.
‘राहिलेले पुढल्या शुक्रवारी.’
मी म्हटलं, मुदत रविवारी रात्री बाराला संपते.
‘रविवारी? बाजार शुक्रवारी भरतो,
हे त्या मुदत घालणाऱ्याला ठाऊक नाही?’

संध्याकाळी च्यारींना पाटीचा फोटो दाखवला.
बराच वेळ बघत राहिले, फोन लांब धरून.
‘ह्या ळचं दुसरं पोट लहान झालंय.
त्या दिवशी लाल रंग संपला होता.
सुधारून घे.’
मी नाही म्हटलं. ते रागावले. चहा तसाच राहिला.

रविवार. अकरा वाजून चाळीस.
मस्कतहून एका नाईकांनी अकरा हजार पाठवले:
‘वडिलांच्या गाडीवर ह्यांनीच प्रसन्न लिहिलं होतं,
गाडी विकली, प्रसन्न कुठे गेलं माहीत नाही.’
कुवेतहून कुणी पाचशे, नाव नको म्हणून.
कॉलेजातल्या मैत्रिणीला चौथ्यांदा फोन केला.
तिने उचलला, हसली, दिले,
पण आता वर्षभर मी तिला काही मागू शकणार नाही.

बावीस हजार बाकी.
मग एकोणीस.
तुळसाबाईंच्या तीनशे चाळीसात माझे सहाशे साठ घालून
ळ त्यांच्या नावावर केला.
परत आले तर शुक्रवारी नेऊन देईन,
त्या घेणार नाहीत, किंवा घेतील आणि मोजतील,
मला दोन्ही चालेल.

अकरा त्रेपन्न.
यादीत ‘ढ’ अजून तसाच,
पाठीला पोक काढून, कुणाची वाट न बघता.
हजार रुपये.
नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिते.