परतीचं पाणी

गॅसच्या बिलामागे काढलेलं चित्र
इंदुमतीने चष्मा पुसून पाहिलं.
"यात मासे कुठे आहेत?"
म्हटलं, ते शेवटी येतात.
आधी पाणी कुठून पडणार, कुठे गाळणार, कशाने चढणार.
"मग गार्गीला सांगा, आजोबा पंपहाउस बांधताहेत,"
म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

चार फूट, दीड फूट, दीड फूट.
अडीचशे लिटर, धरून चाला.
हिरावाडीत पहाटे साडेचारला मी चावी फिरवायचो
तेव्हा एवढं पाणी
पहिल्या शिवीच्या आत वाहून जायचं.

काचेच्या कोपऱ्यात कंगव्यासारखे दात,
वरचं पाणी त्या दातांतून खाली
कपाटातल्या टाकीत.
तिथे आधी स्पंज, मग कापूस, मग चिनी मातीच्या कड्या.
कड्यांत जंतू राहायला येतात,
माशांची घाण खाऊन जगतात.
बस्तान बसायला त्यांना महिना लागतो,
तोवर पाणी नुसतं फिरवायचं, बिनमाशांचं.
नळाच्या क्लोरीनने ते मरतात.
आणि मी आयुष्यभर दारोदार सांगत आलो,
वास येतोय ना, म्हणजे चांगलं आहे, प्या.
आता तेच पाणी रात्रभर बादल्यांत उघडं ठेवतो
वास जाईपर्यंत.

दिंडोरी रोडचा भूतडा म्हणाला,
उतरायला सव्वा इंची घ्या, चढायला पाऊण,
मध्ये एनआरव्ही टाका मामा, पाणी परत येणारच नाही.
मी नको म्हटलं.
शेवाळाचा एक धागा पाकळीत अडकला की संपलं.
असल्या पाकळ्या मी भर रस्त्यात
कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून उघडल्यात.
त्यापेक्षा पाइपलाच भोक पाडायचं,
पाण्याच्या रेषेखाली, तांदळाच्या दाण्याएवढं.
लाइट गेली, पाणी उलटं ओढू लागलं,
की भोक उघडं पडतं, हवा घेतं, ओढ तुटते.
"मुद्दाम भोक?" भूतडा हसला.
हो. एकतीस वर्षं गळत्या शोधल्या,
ही पहिली मी स्वतः पाडतोय.

तरी थोडं परत येणारच.
वर एक बोट उतरलं तर खाली दोन बोटं चढतं.
हा हिशेब मला नवा होता.
मी पाणी सोडलं, सोडलं, सोडलं,
जलकुंभातून गल्लीत, गल्लीतून मोरीत,
पुढचं माझ्या खात्यात नव्हतं.
कुठलंच पाणी कधी माघारी येऊन
माझ्यासमोर उभं राहिलं नव्हतं,
बोल, आता कुठे ठेवतोस, असं विचारत.

म्हणून खालची टाकी अर्धीच भरायची.
काचेवर बाहेरून मार्करने आडवी रेघ मारली.
गार्गीला म्हटलं, हा आपला दुतोंड्या मारुती.
कमरेला लागलं तर ठीक,
छातीला लागलं तर आजीला हाक मार,
आणि त्याच्याही वर गेलं
तर खालच्या मजल्यावरचे पगार येतीलच वर.

शनिवारी म्हसरूळची लाइट गेली, सांगून, दहाला.
पंप एकदम मुका झाला.
एवढ्या दिवसांत घरात तो आवाज होता
हे तेव्हा कळलं.
दातांतून पाणी उतरत राहिलं,
पाइपात कुणी ताक प्यावं तसा एक शेवटचा घोट,
इंदुमती फडकं घेऊन उभी.
रेघेच्या एक बोट अलीकडे थांबलं.

"झालं?" तिने विचारलं.
मी पाइपला कान लावून बसलो होतो,
रात्री डांबरावर सळई टेकवून बसायचो तसा.
म्हटलं, थांब, लाइट येऊ दे.
चढताना पाहायचंय अजून.