आठवं गणित

एक ट्रक घाट चढतो ताशी तीस किलोमीटरनं,
उतरतो ताशी साठनं.
चढ साठ किलोमीटर, उतारही तेवढाच.
सरासरी वेग काढा.

पंचेचाळीस, मी म्हणालो, बुटाच्या नाड्या सोडता सोडता.
तीस आणि साठ, त्यांच्या मधोमध. त्यात काढायचं काय?
एकवीस वर्षं तोओ-आशूचा घाट चढतो-उतरतोय,
मला विचार, म्हटलं, पुस्तकाला काय विचारतेस.
पुस्तकातल्या ट्रकला ब्रेक तापल्याचा वास येत नाही,
त्यात ओशची खरबुजं नाहीत,
त्याच्यापुढं कुणाची मेंढरं रस्ता अडवून रवंथ करत नाहीत,
बोगद्याच्या तोंडाशी हवालदार सिगारेट मागत नाही.

बुरुलचानं मान वर केली नाही.
वहीत एक तिरकी रेघ ओढली, तिला लागून दुसरी.
"चढायला दोन तास, आता. उतरायला एक.
एकशेवीस भागिले तीन. चाळीस."

(आमच्याकडं बापाला आता म्हणतात.)

चाळीस कसे? पाच कुठं सांडले?
"सांडले नाहीत. तीन तासांतले दोन
तुम्ही हळूच चालला होतात."

आठव्या गणितापुढं चांदणी होती.
तोच ट्रक, तोच घाट, चढ पुन्हा तीसनंच.
जाऊन-येऊन सरासरी साठ पडायला हवी,
तर उतरताना वेग किती ठेवावा?

नव्वद, मी म्हणालो.
ती गप्प.
मग एकशेवीस. मग अगदी दोनशे,
आणि माझा कामाझ तर सत्तरलाच दारं वाजवतो.

तिनं पेन्सिलीचं टोक रेघांच्या शेंड्यावर टेकवलं.
"एकशेवीस किलोमीटर साठनं, म्हणजे एकूण दोन तास.
ते दोन्ही इथंच संपले.
उतरायला तुमच्याकडं काही उरलंच नाही."

त्या फेब्रुवारीत सुसामीरकडून मी बर्फ काढणाऱ्या गाडीमागं
बैलासारखा चढलो होतो.
माझे आता खाली कारा-बाल्ताला, शेवटच्या घटका मोजत.
बोगद्यातून बाहेर पडलो आणि सोडली गाडी,
वळणं मोजली नाहीत, दरीकडं पाहिलं नाही,
खाली भरून काढू म्हणत.
अंगणात नमद्याचा तंबू उभा होता.
आमच्यात हिवाळ्यात अंगणात तंबू दिसला
की कुणी काही विचारत नाही.

नऊ वर्षं झाली. अजून रात्री तो घाट उतरतो,
दर वेळी थोडा जोरात.

हे तिला मी सांगितलेलं नाही.
तिनं खोडरबराचा चुरा फुंकला
आणि रेघांखाली लिहिलं: असा वेग नाही.
"बरोबर ना, आता?"

चहावर साय धरली होती.
बरोबर, मी म्हणालो.
नववं गणित सायकलीचं होतं. सपाट रस्ता.