खात्री

यालमारीसाहेब,
तुमचं पत्र पोचलं. स्पॅनिश शब्दकोशातली आहे, पण कळते.
शाळेच्या बाईंनी दोनदा वाचून दाखवलं,
दुसऱ्यांदा नुसती यादी.
चौदा पाखरं, दोन रात्री,
आणि खाली रेघ ओढून: खात्री किती?

आधी रस्त्याचं सांगते.
कीतोहून पहाटेची बस धरू नका, ती दुधाची,
दर वळणावर कॅन चढवते.
आठची धरा. ड्रायव्हर फाउस्तो माझ्या चुलतभावाचा मेहुणा.
त्याला म्हणा, एउदोसियाकडे.
तो पुलाच्या अलीकडे उतरवेल. पुढे खेचर.
खेचराला घाई चालत नाही.

फेब्रुवारी म्हणता, तर फेब्रुवारी.
ढग दाराशी येऊन बसतो
आणि उठायचं नाव घेत नाही.
दुर्बिणीच्या काचा पुसायला जुनं कापड आणा,
आमच्याकडचं सगळं ओलं असतं.

आता यादी.
पहिली अकरा स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसतील.
बारावं गेल्या वर्षी दिसलं, असं सेल्सो म्हणतो,
आणि सेल्सो बोलका आहे.
तेरावं मला माहीत नाही.
चौदाव्यासाठी तुम्ही येताय, हे अक्षरावरून कळलं,
पेन तिथे जास्त दाबलंय.

तुम्ही तिला लॅटिनमधून हाक मारता.
आम्ही म्हणतो कोमाद्रे,
म्हणजे जिच्याशी भांडता येतं
पण बोलणं तोडता येत नाही, अशी नातलग.
शहाळ्याएवढी, गंजक्या रंगाची.
शेपूट देताना देवाचा हात आखडला,
ती कसर त्याने पायांत भरून काढली.
चिखलात दोन उड्या मारते, मग थांबते
काहीतरी विसरल्यासारखी.

तिला माणसाळवलं माझ्या नवऱ्याने.
सात महिने रोज पहाटे वीतभर गांडूळ घेऊन
सेगुंदो ओढ्याकाठी उकिडवा बसायचा.
मी म्हणायचे, एवढी मनधरणी माझी केली असतीस तर!
आठव्या महिन्यात ती आली.
मग पाहुणे येऊ लागले, पण थेंबाथेंबाने.
त्यावर दोन मुलींची शाळा भागेना,
तेव्हा तो स्पेनला गेला, मूर्सियात, ब्रोकोली तोडायला.

ती त्याच्या शिट्टीला यायची.
मला शिट्टी येत नाही. पुढचे दोन दात नाहीत, नुसता वारा निघतो.
मी सार्डिनचा डबा वाजवते, चमच्याने.
एकोणीस दिवस काहीच नाही.
विसाव्या दिवशी काय वाटलं, तिचं तिला ठाऊक.
आता येते, चारांतून तीनदा.
कधी पाच पाच दिवस नाही.
रविवारी सेगुंदोचा फोन येतो,
आधी तिची चौकशी, मग माझी.

तर खात्री नाही देता येत.
पैसे परत मागाल तर निम्मे देईन,
निम्मे खेचराने खाल्लेले असतील.

इथवर मी काल सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं.
मग त्यांनी तुमचा कागद उलटला.
मागे दुसरं अक्षर, बारीक, ओळ सोडून घसरलेलं:
मी त्यांची बायको, लेम्पी.
माझ्या डोळ्यांत मधोमध आता नुसता डाग उरलाय.
ते मला पाखरं दाखवायला आणताहेत,
मी नाही म्हणत नाही.
ती ऐकू येते का?

लेम्पीबाई, येते.
उजाडायच्या आधी, ओढ्यापलीकडून,
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर धरावी
आणि धरणाऱ्याचा हात कापावा, तशी.
त्याला गांडूळ लागत नाही, डबा लागत नाही.
चुलीपाशी कॉफी गाळतानाही ऐकू येते.
मी फोन खिडकीबाहेर धरते तेव्हा
मूर्सियातसुद्धा,
असं तो म्हणतो.

साहेबांना ओढ्यावर पाठवू. तुम्ही बसा.
पायांची मापं मात्र कळवा.
चव्वेचाळीसचा बुटांचा जोड एकच आहे, सेगुंदोचा.
आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय,
काढीन.