चार बोटं

धारवाडहून सकाळच्या बसनं आला ईरय्या मुगळी.
मला वाटलेलं, कुणी चकचकीत बुटांचा माणूस येईल.
हा रबरी चपला दारात काढून आत आला.
हातातल्या सुतारी पेटीतून निघालं काय,
तर मेजटेप, ओळंबा, निळ्या चिकटपट्टीचं रीळ
आणि टॉवेलात गुंडाळलेला मायक्रोफोन,
अंड्यासारखा जपलेला.

खोलीच्या मधोमध उभा राहून त्यानं
एकच टाळी वाजवली.
मग ऐकत राहिला,
जणू माळ्यावरून कुणी ओ देणार आहे.
"खोली लई बोलालीय," म्हणाला,
"ते लोखंडी कपाट तेवढं हलवा बघू."

लग्नातलं कपाट. एक्केचाळीस वर्षं
वडगावच्या या घरात जागचं हललं नव्हतं.
मालननं पदर खोचला, मी दुसरी कड धरली.
खाली सापडली कानडीतली विजेची बिलं,
मराठीतली कुणाची तरी लग्नपत्रिका,
आणि धाकट्याची काचेची गोटी.

स्पीकर माझ्या छातीपर्यंत येतात.
त्या पैशात गाडी आली असती, असं पोराचं मत.
येऊ दे की. उद्यमबागेत हयातभर
ओतकाम ऐकलं मी. ते धुवून काढायचंय.

फरशीवर निळ्या रेघा उमटत गेल्या.
भिंतीपासून इतकं, खुर्चीपासून इतकं.
एक बोट मागं. अर्धं बोट पुढं.
"स्वल्प मुंदे," तो स्वतःलाच सांगायचा,
पुन्हा गुडघ्यांवर बसायचा, पट्टी सोलायचा,
नखानं डिंक खरवडायचा.
रेघा मारणारे पुष्कळ पाहिले या मुलखात.
मारलेली रेघ स्वतः पुसून
पुन्हा मोजायला बसणारा हा पहिलाच.

एक वाजता शेजारचे माग जेवायला थांबले
आणि त्यानं तंबोरा लावला. नुसता तंबोरा.
मग एक बाई खाकरली, गाण्याआधीची.
"कुठं उभी हाय?"
दोन स्पीकरांच्या मधे, म्हणाला,
जिथं काहीच नाही, तिथंच ती दिसायला पाहिजे.
मी म्हटलं, बरोबर मधे.

तो माझ्या मानेकडे बघत होता.
"मग मान का वळवालासा?"
उठला, माझ्या मागं गेला. बराच वेळ काही नाही.
तो डाव्या कानाशी बोटं चोळत होता,
हे मला मालनचा चेहरा बघून कळलं.

त्या बाजूला साचे झटकायचं मशीन असायचं.
दर जूनला तपासणीचा कागद यायचा,
मीच लिहायचो त्यावर: ठीक.

ईरय्या काही म्हणाला नाही.
सकाळपासूनची सगळी मापं होती,
केसाइतकीही न चुकलेली.
त्यातली डावीकडची पट्टी त्यानं सोलली,
स्पीकर चार बोटं माझ्याकडे ओढला,
त्याचं तोंड वळवलं माझ्या कानाकडे.
"आता नकाशा चुकला बघा," तो हसला,
"पण तुमच्यापुरता चुकला."

आणि बाई पुन्हा खाकरली.
कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याखाली.
अगदी तिथं. तिचा श्वास घेतलेला ऐकला मी,
पदराची एक सळसळही, बहुतेक.

मालन माझ्या खुर्चीत बसून बघते तर,
"ही कपाटाकडं सरकली की हो!"
तुला सरकेलच, म्हटलं.

बिल त्यानं कानडीत लिहिलं,
मी मराठीत सही ठोकली.
हिशेब दोघांनाही वाचता आला.
पट्टीचं उरलेलं रीळ तो ठेवून गेला,
झाडताना कुणी हलवलं तर असू दे म्हणून.

रात्री जेवताना मालननं तिचं ताट
माझ्या उजव्या बाजूला मांडलं.
इतकी वर्षं ती डावीकडे बसायची.
काही बोलली नाही त्याबद्दल.
म्हणजे, आज तरी नाही.
आधीचं मला काय माहीत.