सारवण

मस्कतात पहाटे पाचला बाहेर अडतीस.
आत मी दोन स्वेटर चढवून
मशीनने बर्फ सारवतो.

मिझुहो येते. अकरा वर्षांची.
पुढच्या महिन्यात नागोयाला पहिली स्पर्धा.
आई काचेपलीकडे, मांडीवर थर्मास.

अडीच गिरक्या, आणि धप्प.
उठते, गुडघे झटकते, पुन्हा.
मी मोजत नाही म्हणतो. रमजानपासून चारशे बारा.
तिच्या बुटांनी पाडलेले खळगे
ओला चुरा दाबून हाताने बुजवतो,
जखमेत हळद भरावी तसे.

आज उतरली. एका पायावर, मागे मागे घसरत.
टाळी नाही; आई थर्मासचं झाकण शोधत होती.
पोरीने माझ्याकडेच बघितलं.
मी मान हलवली,
जणू मला त्यातलं कळतं.

आठला मॉलची गर्दी येईल.
सगळं सारवून झालंय,
तेवढी एक कोर
वळसा घालून राखलीय.