म्हणाली

चोपड्याच्या कोर्टात सत्तावीस वर्षं
मी एकच क्रियापद टाइप केलं.
आरोपी म्हणतो की. फिर्यादी म्हणते की.
अर्धा म झिजून अर्धा न झाला,
दोन महिने सगळे साक्षीदार 'न्हणाले',
तरी कोणी तक्रार केली नाही.
वकिलांनीसुद्धा नाही.

निवृत्त झालो, कथा लिहायला बसलो,
वाटलं, आता सूड घेऊ.
पहिल्याच पानावर नायक गरजला.
मग उत्तरला, उद्गारला, कडाडला,
एका बाईनं तर अख्खं वाक्य उसासलं.

कोकिळा तुरीच्या शेंगा सोलत वाचत होती.
"आपल्या गावात कोणाला उद्गारताना पाहिलंय तुम्ही?"
टरफल बाजूला.
"बस स्टँडवर? केळीच्या काट्यावर?"
आणखी एक टरफल.
"म्हणाला म्हणा ना. तो चपलेचा अंगठा आहे.
तुटला तरच दिसतो."

खरं होतं.
लासूरची मावशी भांडणं सांगायची ओट्यावर,
तो म्हने, ती म्हने, मंग तो म्हने,
आणि आम्ही पोरं फक्त भांडण ऐकायचो.
म्हने कोणी मोजला नाही.

भाषाच अशी आहे आपली.
'म्हणून' लिहावं तर त्याच्याही पोटात
कोणीतरी काहीतरी म्हणालेलं असतं.
'म्हणे' लिहावं तर म्हणणारा पसार,
समन्स कोणाच्या नावानं काढणार?

कथेत मी घेतली होती द्वारकाबाई भिला कोळी,
साक्षीदार क्रमांक तीन.
दिरानं नवऱ्याचा हात मोडला होता.
मे महिना. पंखा फिरत होता, वारा नव्हता.
विचारलं, काय पाहिलं.
"मी काहीच दखं नही, सायेब."
मी टाइप केलं:
घटनेबाबत मला काहीही माहिती नाही, असे साक्षीदार म्हणते.
अंगठा घेतला. पुढचा.

आता लिहिताना मी तिला
आधी पुटपुटायला लावलं.
मग ठामपणे म्हणायला.
मग कापऱ्या आवाजात. ते खोडलं.
मग डोळ्यांत पाणी आणून. तेही खोडलं,
पाणी नव्हतं तिच्या डोळ्यांत, मी समोरच बसलो होतो.

"हात कुठं होते तिचे?" कोकिळानं विचारलं,
सूप उचलून आत जाता जाता.

हात.
सत्तावीस वर्षं माझे हात कळांवर,
लोकांचे कुठं असतात ते कशाला बघायचं?
पण बघितलं असावं.
कारण रात्री दीड वाजता, लाइट गेलेली असताना,
दिसलं.

"मी काहीच दखं नही, सायेब."
द्वारकाबाईनं पदराची गाठ सोडली.
दहाची नोट आत होती.
तिनं ती पाहिली, घडी केली,
गाठ पुन्हा बांधली, दातांनी ओढून.

एवढंच लिहिलं.
म्हणाली नाही, पुटपुटली नाही, काहीच नाही.
ती खोटं बोलली का, घाबरून बोलली,
की संध्याकाळच्या एसटीचा हिशेब करत होती,
हे कोर्टाला तेव्हा कळलं नाही.
मलाही अजून कळलेलं नाही.

सकाळी पान कोकिळाच्या पुढं ठेवलं.
तिनं वाचलं. चष्मा पुसला.
पुन्हा वाचलं, आणि उठून कळण्याचं पीठ मळायला घेतलं.
मी याला पसंती धरली.

एक नियम मात्र मला कोणी शिकवला नाही.
तिघं बोलत असले
तर कोण म्हणालं ते सांगावं लागतं.
पूर्वी या घरात सांगावं लागायचं.
पोरगा पुण्याला गेल्यापासून

"वाढू का?"
"वाढ."
"ठेचा हवाय?"
"थोडा."
"फोन आला होता त्याचा."
"काय म्हणाला?"
"काही नाही."